हरवलेले मूळ

दहावीची परीक्षा संपली की अकरावीला जाणाऱ्या मुलांसाठी मी सुटीत त्रिकोणमितीचा वर्ग घेतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची. अकरावीत माध्यम बदलते आणि नांदेड-लातूरकडे आमच्या मुलांना त्या बदलाचा मोठा धसका असतो. यंदा एका मुलीने विचारले, "सर, साइन-कोसाइन तो अंग्रेजीवालों का है. हम से होगा?" त्या दिवशी गणित बाजूला ठेवून मी या शब्दाची हकीकत सांगितली.

इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने अर्ध्या ज्यांचे कोष्टक दिले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचेच दुसरे नाव जीवा. आठव्या शतकात हे ज्ञान बगदादला पोहोचले आणि जीवाचे अरबीत 'जीबा' झाले. अरबीत त्याला अर्थ नव्हता. पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे कपड्याची छातीजवळची घडी. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी तिचे 'सायनस' केले आणि त्यातून साइन आला. उर्दूत आजही जैब आणि खिशाचा जेब एकाच अक्षरांनी लिहितात. हे सांगताच सगळा वर्ग हसला. धसका थोडा कमी झाला.

शब्दासोबत रीतही वाढत गेली. इ. स. ९२९ मध्ये वारलेल्या अल-बत्तानीने साइन हा कोसाइनच्या ठरावीक पट असेल तर साइन किती, याचे सूत्र काढले. समीकरण सोडवण्याचीच ही रीत. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त अठरा अंशांची ज्या दिली: पाचाच्या वर्गमुळातून एक वजा करून चाराने भागा. त्यांच्या घराण्याची माहिती चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा, म्हणजे अनुवादाचे खाते, सुरू झाले. उस्मानिया विद्यापीठाला उर्दूतून पुस्तके हवी होती. गणिताचे इंग्रजी ग्रंथ तिथे उर्दूत आले. वरच्या वर्गांचे शिक्षणही उर्दूतूनच असल्याने मराठी घरांतली मुलेही गणित उर्दूत शिकली. मातृभाषा सोडून शिकावे लागणे हा त्यांच्यावर अन्यायच होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी असे एक निवृत्त गुरुजी राहत. घरात शुद्ध मराठी, देवघरात समई. पण हिशेब करताना तोंडात 'जर्ब' आणि 'तकसीम'. अब्बांचे आणि त्यांचे चांगले जमे. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, माध्यम मराठी झाले. गुरुजींनी तेच गणित मराठीतून शिकवले. भाषा बदलली म्हणून त्यांचे गणित अडले नाही.

हे ऐकवून मी फळ्याकडे वळलो. कोन शून्य ते नव्वद अंश. कोसाइनच्या वर्गाची दुप्पट अधिक साइन बरोबर दोन. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग बरोबर एक, ही नित्य समानता वापरली की राहते: साइन बरोबर साइनच्या वर्गाची दुप्पट. त्याच मुलीने दोन्ही बाजूंना साइनने भागले, साइन बरोबर अर्धा आणि उत्तर तीस अंश.

उत्तर बरोबर, पण अपुरे. साइन शून्यही असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. सगळे एका बाजूला आणून अवयव पाडावेत: साइन गुणिले, एक वजा दोन साइन, बरोबर शून्य. मग तीस अंशांबरोबर शून्य अंशही सापडतो. घाईने छाटले की एक मूळ हरवते.

इतिहासातही आपण अशीच घाई करतो. कोणी संस्कृत छाटतो, कोणी अरबी-उर्दू, आणि उरलेले एकच उत्तर पुरे मानतो. सुटीचा वर्ग संपताना त्या मुलीने वहीच्या पहिल्या पानावर ज्या, जैब, साइन हे तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. अकरावीला ती विज्ञान शाखेलाच जाणार आहे.