एअर कमोडोर मेहरसिंग यांची पदके

ब्रह्मदेशच्या मोहिमेत ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केल्याबद्दल मेहरसिंगांना इंग्रज सरकारने ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ बहाल केली, आणि भारतीय हवाई दलात हा बहुमान अन्य कोणास लाभला नाही. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा खरा कस लागला तो मे १९४८ मध्ये, जेव्हा काश्मीर युद्धात पाकिस्तानी हल्लेखोरांच्या वेढ्याची छाया पडलेल्या लडाखमधील लेहकडे, भूदलाचे जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून, प्राणवायूची सोय नसलेले डाकोटा विमान त्यांनी हिमशिखरांवरून हाकारले आणि सोनम नोरबू या अभियंत्याने घाईघाईने तयार करविलेल्या, ११,००० फुटांहून उंच अशा वालुकामय पट्टीवर सुखरूप उतरविले. असे साहस हुकुमाने करवून घेता येत नाही, हे आमचे प्रामाणिक मत आहे. महावीरचक्र मिळाले ते यथायोग्यच. पुढे लवकरच त्यांनी राजीनामा दिला, आणि १९५२ मध्ये विमान अपघातातच त्यांचा अंत झाला.