७ डिसेंबर १९४१ : कॉर्नेलिया फोर्टची नोंदवही

होनोलुलूच्या जॉन रॉजर्स विमानतळावरून त्या रविवारी सकाळी कॉर्नेलिया फोर्ट ही २२ वर्षांची प्रशिक्षिका एका शिकाऊ वैमानिकाला घेऊन उडाली होती. एक लष्करी विमान थेट अंगावर येताना दिसताच तिने ताबा स्वतःकडे घेऊन आपले विमान वर खेचले. खालून निसटलेल्या त्या विमानाच्या पंखांवर तांबडे गोळे होते. पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला सुरू झाला होता. आपल्या उड्डाणांच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या शेऱ्यात तिने नोंदवले की, हल्ल्यामुळे उड्डाण अर्धवट राहिले आणि शत्रूने झाडलेल्या गोळ्या चुकल्या.

स्वतःच लिहिलेल्या वहीवर कितपत विसंबावे, हा आक्षेप रास्त आहे. पण अशी वही कौतुकासाठी लिहिलेली नसते. परवान्यासाठी तासांचा हिशेब तिच्यावरूनच द्यावा लागतो. उलट ‘तोरा! तोरा! तोरा!’ (१९७०) या चित्रपटाने तिला दुपंखी स्टियरमनमध्ये बसवले. प्रत्यक्षात ती एकपंखी इंटरस्टेट कॅडेटमध्ये होती. लोकस्मृती असे तपशील सहज बदलते, म्हणून हा कागद मोलाचा. शिकवणारे युद्धापासून सुरक्षित अंतरावर होते, हा समजही तोच खोडून काढतो. १९४२ मध्ये ती लष्करी विमाने पोहोचवणाऱ्या महिला पथकात गेली आणि २१ मार्च १९४३ रोजी टेक्ससमध्ये दोन विमानांच्या हवेतील टकरीत मृत्युमुखी पडली. कागदोपत्री ती नागरीच होती. या महिला वैमानिकांना माजी सैनिकांचा दर्जा अमेरिकी काँग्रेसने १९७७ मध्ये दिला.