बंदूक, वही आणि कॅमेरा

काशीदला रविवारी येणारा प्रत्येक माणूस आज छायाचित्रकार आहे. पांढरी वाळू, सुरूची झाडं, समुद्रात बुडणारा सूर्य, सगळं मोबाइलमध्ये भरून तो संध्याकाळी घरी जातो. हा छंद अलीकडचा वाटतो. पण निसर्ग पाहायला हौसेनं बाहेर पडायचं आणि पाहिलेलं टिपून ठेवायचं, याला आपल्या रायगड किनाऱ्यावर चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात मुसलमान घरांचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्यालाच फारसा ठाऊक नाही.

सुरुवात बंदुकीपासून करावी लागते. काशीदच्या मागच्या डोंगरात फणसाडचं जंगल आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं ते शिकारीचं राखीव रान. नवाबांच्या शिकारीसाठी म्हणून तिथे इतरांच्या कुऱ्हाडीला आणि बंदुकीला मज्जाव होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या या रानात आज शेकरू दिसतं, पांढऱ्या पाठीची गिधाडं दिसतात. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. पहाटे अशा गाणावर गुपचूप बसून राहणारा आजचा हौशी छायाचित्रकार जुन्या शिकाऱ्याचंच कसब वापरतो. वाऱ्याची दिशा ओळखायची, पाचोळा वाजू द्यायचा नाही, तासभर हलायचं नाही. फरक एवढाच की हा परत जातो तेव्हा जनावर जिवंत असतं.

बंदुकीकडून वहीकडे जाण्याचा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. सलीम अली (१८९६–१९८७) सुलेमानी बोहरा घराण्यातले. पोरके झाल्यावर मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग हिचं मांस आपल्याला जायज आहे का, अशी शंका मुलाला आली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. मिलर्डनी चिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली, वाचायला पुस्तकं दिली. हलाल-हरामच्या एका साध्या प्रश्नातून देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला, ही गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. मुलांच्या प्रश्नाला ‘गप्प बस’ हे उत्तर किती महाग पडलं असतं!

पुढे जर्मनीत शिकून १९३० मध्ये सलीम अली परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. ते पत्नी तहमीना यांच्यासह किहीमला राहायला आले. किहीम म्हणजे काशीदहून अलिबागच्या पलीकडे, आपल्याच किनाऱ्यावरचं गाव. तिथे त्या पावसाळ्यात त्यांनी सुगरण पक्ष्यांची वसाहत रोज न्याहाळली. घरटं नर विणतो. ते अर्धवट झालं की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं की ती तिथे राहते, आणि नर दुसरं घरटं विणायला घेतो. मराठीत आपण या पक्ष्याला ‘सुगरण’ म्हणतो, पण कारागीर मात्र नर! हे कळायला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. झाड, डोळे, वही आणि रिकामा वेळ एवढंच लागलं.

वहीची ही सवयही घराण्यातली होती. तय्यबजी-फैजी कुटुंबांत ‘अखबार की किताब’ ठेवत. घरातल्या कुणीही त्यात लिहावं, कोण आलं, कुठे सहल झाली, काय पाहिलं. किहीमच्या घराचाही असा अखबार होता, बहुतांशी उर्दूत. याच कुळातल्या नाझली बेगम जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी होत्या. त्यांनी युरोपच्या प्रवासाचं वर्णन उर्दूत लिहिलं.

कॅमेराही मुंबईत लवकर आला. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले हौशी सभासद. सलीम अलींच्या मोहिमांत पुढे सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो कॅमेरा घेऊन सामील झाले. तेही हौशीच. आपल्या कोकणी मुस्लिम घरांत कॅमेरा आला तो बहुधा आखातातून सुटीवर येणाऱ्या चाचा-मामांच्या बॅगेतून. त्या अल्बमांत लग्नं आहेत, ईद आहे, किनाऱ्यावर ओळीनं उभी केलेली पोरं आहेत. पोरांच्या मागे सुरूचं बन आहे, त्याकडे तेव्हा कुणी पाहिलं नाही.

आता पाहायला हवं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं आणि काशीदच्या सुरूंतली पुष्कळ झाडं आडवी झाली. ते बन किती दाट होतं, सावली कुठवर पडायची, हे सांगणारा पुरावा त्या घरगुती फोटोंत आहे. हे अल्बम दरवर्षी सफाईत रद्दीत जातात. ज्यांच्या आजोबांनी हा किनारा पाहिला, त्यांच्याकडेच त्याचा दाखला उरला नाही, तर आपला इतिहास दुसऱ्यानं लिहिल्याची तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

मराठीत आपण छायाचित्र म्हणतो, उर्दूत अक्कासी. एकात छाया, दुसऱ्यात अक्स. दोन्ही शब्द सांगतात की मूळ वस्तू वेगळी आहे आणि ती जाणार आहे. म्हणून जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहाव्यात: गाव, साल, आणि मागे दिसणाऱ्या झाडाचं नाव. नाव माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. ते माणूस आहे तोवर.