वॉर्डाच्या हद्दीबाहेरचं पाणी

वरूडमध्ये नगरसेवकपदाला उभं राहायचं तर पत्रकात पहिल्या नंबरवर पाणीच लिहावं लागतं. त्यानंतर नाल्या, रस्ते, घंटागाडी, पथदिवे आणि मुलांसाठी बगीचा. (‘मुलांसाठी’ हे सांगावं लागतं, कारण आमच्याकडे नुसतं बगीचा म्हटलं की संत्र्याचाच.) डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत माझ्या फोनवर अशी बरीच पत्रकं आली. चिन्ह झाकलं तर कोणतं कुणाचं ते ओळखू येऊ नये, इतकी सारखी. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तिथे कुठलंही काम अंगावर घेताना आधी बघतात, ते करायचा अ‍ॅक्सेस आपल्याकडे आहे का. नगरसेवकाकडे पाण्याचा अ‍ॅक्सेस कधी होता का, हे बघायला मी मागे मागे जात राहिलो.

सुरुवात लॉर्ड रिपनपासून. 18 मे 1882 चा त्याचा ठराव शाळेत एका ओळीत उरकतात. त्यात म्हटलं होतं की स्थानिक मंडळांत बिगरसरकारी माणसं बहुसंख्य असावीत, शक्य तिथे निवडून आलेली असावीत. कारभार त्यामुळे लगेच सुधारेल असं रिपनलाही वाटत नव्हतं. लोकांना राजकारणाचं शिक्षण मिळावं, हा मुख्य हेतू. वऱ्हाडची गंमत अशी की हा मुलूख कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. 1853 च्या तहापासून हे असंच चाललेलं, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागू होत नसत. नगरपालिकांसाठी 1886 मध्ये वऱ्हाडचा वेगळा कायदा करावा लागला. पुढे मध्य प्रांताचा 1922 चा कायदा इथे लावला गेला. वरूड तेव्हा मोर्शी तालुक्यातलं एक गाव होतं. सभासद कोण? ज्याची मालमत्ता, जो कर भरतो, तो. त्याच्या यादीत दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणी. म्हणजे यादी तेव्हाही जवळपास आजचीच.

प्राधान्यक्रम म्हणजे काय ते मला जोतीराव फुल्यांच्या एका गोष्टीतून नीट कळलं. 1876 पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला एक हजार रुपये खर्च करायचं ठरलं. बत्तीस सभासदांत विरोधात मत एकट्या फुल्यांचं. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण पत्रकातल्या बारा कलमांपेक्षा ‘या गोष्टीवर खर्च करू नका’ हे एक वाक्य जास्त काही सांगून जातं. वरूडच्या एकाही पत्रकात मला तसं वाक्य दिसलं नाही. सगळंच पहिल्या नंबरवर असेल तर पहिला नंबर कशाला म्हणायचं?

स्वातंत्र्यानंतरचा भाग भराभर सांगतो, कारण तो बराचसा मुंबईत घडला. 1965 मध्ये महाराष्ट्राचा नगरपरिषद कायदा आला. 1993 पासून 74 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी 18 विषय आले. त्यात पाणीपुरवठा आहे, कोंडवाडेही आहेत. पण विषय देणं वेगळं आणि पैसा देणं वेगळं. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. नाक्यावर होणारा त्रास संपला, हे चांगलंच झालं, पण गावाचं स्वतःचं हुकमी उत्पन्नही गेलं. उरले घरपट्टी, पाणीपट्टी असे कर आणि सरकारी अनुदान. नळयोजना मोठी असेल तर आराखडा बहुधा जीवन प्राधिकरणाचा, मंजुरी मंत्रालयातली. नगरसेवकाच्या वाट्याला येतो भूमिपूजनाचा नारळ.

नगराध्यक्ष कुणी निवडायचा, हेही गावाला कधी ठरवता आलं नाही. 1974 मध्ये थेट लोकांमधून, पुढे नगरसेवकांमधून, 2001 मध्ये परत थेट, 2006 मध्ये ते रद्द, 2016 मध्ये पुन्हा सुरू, 2020 मध्ये रद्द, 2022 मध्ये पुन्हा थेट. आमच्या कोडमध्ये कुणी एकच ओळ इतक्या वेळा मागे-पुढे केली असती तर त्याला बसवून विचारलं असतं, बाबा रे, तुला नेमकं हवंय काय?

आता मूळ मुद्दा. नळाची पाइपलाइन नगरपरिषदेची. जमिनीखालचं पाणी कुणाचं?

वरूड-मोर्शी हा संत्र्याचा पट्टा. शेजारच्या शेंदुरजनाघाटच्या कलमा दूरदूर जातात. आमच्या आबाजींच्या लहानपणी बगीचाला पाणी विहिरीचं, मोटेनं. मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटार, मग बोर. बैल थकला की मोट थांबायची. मोटार थांबत नाही. आमच्या जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे. वाळूसारखं तो पाणी साठवत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत काय मुरेल तेवढंच. त्या भेगा माझ्या वावरातून तुमच्या वावरात, तिथून गावाखाली जातात, वॉर्डाची हद्द न बघता. विहिरी आटल्या तसे बोर खोल गेले. हजार फुटांच्या गोष्टी आमच्याकडे कुणी आश्चर्यानं सांगत नाही.

त्यात संत्र्याचं वेळापत्रक. आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. जानेवारीत पाणी सोडलं की फुलं येतात आणि त्या फळांना उन्हाळाभर जगवावं लागतं. गावाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज एप्रिल-मेमध्ये असते आणि बगीचालाही तेव्हाच. यात शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. गावाची बाजारपेठ, ट्रॅक्टरची शोरूम, माझी इंजिनीअरिंगची फी, सगळं त्याच झाडावर उभं आहे.

कायदे आहेत. 1993 च्या कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी आली. 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू झाला. त्यानं 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आणि अधिसूचित क्षेत्रात ती खोदायला मनाई केली. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. वर मी हजार फूट म्हटलंय. भूजलाच्या सरकारी यादीत वरूड आणि मोर्शी वर्षानुवर्षं ‘अतिशोषित’ म्हणून येतात, म्हणजे पावसानं जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं. यातला कुठलाच निर्णय वरूड नगरपरिषदेच्या सभागृहात होत नाही. मी हे सगळं आबाजींना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मंग पाणी का नगरपालिकेच्या बापाचं हाय काय?”

नाही, तिच्या बापाचं नाही. आणि पाणी फक्त कमी पडतं असंही नाही. वर्धा नदीच्या पलीकडे नरखेड तालुक्यात मोवाड आहे. तिथेही इंग्रजांच्या काळापासून नगरपालिका. 30 जुलै 1991 ला नदीचा पूर गावात शिरला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. नदी कुठून येते, वर काय घडतंय, यावर त्या गावाच्या नगरपालिकेचा काय ताबा असणार? आमच्या गावातून चुडामणी वाहते. पत्रकांत तिचं नाव येतं ते ‘सौंदर्यीकरण’ या एकाच शब्दाला चिकटून.

2016 च्या शेवटी निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला. जवळपास चार वर्षं प्रशासकानं कारभार पाहिला. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हटलं. 2 डिसेंबरला राज्यात बहुतेक ठिकाणी मतदान झालं आणि मोजणी 21 डिसेंबरपर्यंत लांबली. पण मला वेगळीच गोष्ट खटकते. 2016 ला नोव्हेंबर, 2025 ला डिसेंबर. दोन्ही वेळा विहिरींना पाणी, झाडाला संत्रा, बाजारात पैसा. पाण्याचं आश्वासन सगळ्यात स्वस्त असतं त्याच महिन्यांत आम्ही मत देतो.

मग नगरसेवकानं करावं काय? त्याच्या हातात आहेत त्या गोष्टी पत्रकावर चांगल्या दिसत नाहीत, एवढंच. पाइपलाइनची गळती मोजणं. पालिकेच्या आणि शाळांच्या छतांवरचं पाणी जिरवणं. कचरा टाकून बुजवत आणलेल्या जुन्या विहिरी उपसणं. सांडपाणी शुद्ध करून जवळच्या बगीचांना देणं, म्हणजे तेवढा तरी उपसा थांबेल. यात गाव आणि शेतकरी एका बाजूला येतात, म्हणून मला हे शेवटचं काम पहिल्या नंबरवर हवं. त्यासाठी पहिल्या वर्षी दोन स्वागत कमानी आणि चौकातला एक कारंजा नको म्हणावा लागला, तर म्हणावा.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर. हे आकडे सरकारी असतात, मागितले तर मिळतात. नव्या सभागृहाचा पहिला मे 2026 चा. त्या महिन्याचा आकडा नगरपरिषदेच्या फलकावर लावा, असा अर्ज मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांच्या नावे लिहून ठेवला आहे. कुठल्या पक्षाचे, ते अर्जात लिहायची गरज पडली नाही.