प्युरिटनांचें धर्मराज्य

इतिहासांत असा प्रसंग वारंवार येतो कीं, ज्यांनीं छळ सोसला त्यांच्याच हातीं पुढें सत्ता येते, आणि मग त्यांच्या तत्त्वांची खरी कसोटी लागते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सतराव्या शतकांत ज्या प्युरिटन वसाहती स्थापन झाल्या, त्यांची कथा ही अशाच कसोटीची कथा आहे.

इंग्लंडच्या राजानें रोमच्या पोपाशीं संबंध तोडला, तरी तेथील चर्चमध्यें बिशपांची सत्ता, धर्मगुरूंचे विशिष्ट पोशाख व ठराविक प्रार्थनाविधि कायम राहिले. जें बायबलांत नाहीं तें धर्मांतहि नको, असें म्हणणाऱ्यांना लोक प्युरिटन, म्हणजे शुद्धिवादी, म्हणूं लागले. त्यांच्यांतील कांहींनीं राजमान्य चर्चशीं संबंधच तोडला. ही मंडळी प्रथम हॉलंडांत जाऊन लायडन शहरीं राहिली. पुढें त्यांच्यांतील कांहीं कुटुंबें व इतर सोबती मिळून १०२ उतारू १६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ जहाजानें अमेरिकेस गेले आणि त्यांनीं प्लिमथ गांव वसविलें. उरलेल्या बहुसंख्य प्युरिटनांस चर्च सोडावयाचें नव्हतें, सुधारावयाचें होतें. परंतु पहिल्या चार्लस राजानें १६२९ सालीं पार्लमेंट बरखास्त केलें, विल्यम लॉड या बिशपाचा जाच वाढत गेला, आणि त्यांचीहि आशा खुंटली. १६३० सालीं जॉन विंथ्रॉप या वकिलाच्या नेतृत्वाखालीं ते मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरांत उतरले व बोस्टन शहराचा पाया घातला गेला. पुढील दहा वर्षांत सुमारें २०,००० लोक त्यांच्यामागून आले.

त्यांच्या मनांत काय होतें, हें विंथ्रॉपनें प्रवासाच्या सुमारास लिहिलेल्या प्रवचनावरून दिसतें. आपण सर्वांनीं मिळून ईश्वराशीं एक करार केला आहे. आपली वसाहत उंचावरील नगराप्रमाणें जगाच्या नजरेस पडेल. करार मोडला तर सर्वांनाच त्याचें फळ भोगावें लागेल, असा त्याचा आशय होता. या एका कल्पनेंत त्या समाजाचे गुण आणि दोष दोन्ही सांठविलेले आहेत.

आरंभींचे दिवस मोठे कठीण गेले. प्लिमथच्या पहिल्याच हिवाळ्यांत जवळ जवळ निम्मे लोक मृत्यू पावले. जे वांचले त्यांस टिस्क्वांटम नांवाच्या एका मूळ रहिवाशानें हात दिला. कांहीं वर्षांपूर्वीं एका इंग्रज कप्तानानें त्यास पळवून नेऊन स्पेनमध्यें विकलें होतें. इंग्लंडमार्गें तो मायदेशीं परतला, तों त्याचें सारें गांव सांथीनें नष्ट झालेलें! त्याच ओसाड जागेवर प्लिमथ वसलें होतें. मक्याच्या दाण्यांबरोबर खत म्हणून मासे पुरावे, हें त्यानेंच या परक्यांना शिकविलें. ज्या भूमीस वसाहतवाले ईश्वराची देणगी म्हणत, ती पूर्वीं कोणाची तरी होती, ही गोष्ट मात्र त्यांच्यांतील फारच थोड्यांना बोंचली.

गांवची रचनाहि कराराच्या कल्पनेस धरूनच होती. जमीन गांवास मिळे. गांव ती कुटुंबांत वांटून देई व गुरांसाठीं गायरान राखी. मध्यभागीं सभागृह असे. रविवारीं तेंच प्रार्थनामंदिर आणि इतर दिवशीं तेंच गांवसभेचें ठिकाण. त्यांत मूर्ति नसे, चित्र नसे, आणि कडाक्याच्या थंडींतहि शेगडी नसे. शनिवारीं सूर्य मावळला कीं विश्रामदिन सुरू होई. दुसऱ्या दिवशीं दोन वेळां लांबलचक प्रवचनें होत. पुरुष एकीकडे व स्त्रिया दुसरीकडे, आपापल्या मानाप्रमाणें बसून तीं ऐकत. घरें लाकडाचीं असत. आगी लागूं लागल्या म्हणून बोस्टनमध्यें १६३१ सालीं लाकडी धुराडीं व गवती छपरें यांस मनाई झाली. मका, घेवडा, भोपळा आणि कॉड मासा हा नित्याचा आहार. नाताळाची आज्ञा बायबलांत नाहीं, म्हणून १६५९ सालीं तो सण पाळणारास पांच शिलिंग दंड ठेवण्यांत आला, व हा कायदा १६८१ पर्यंत टिकला.

परंतु या कडक शिस्तीची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ईश्वराची आज्ञा प्रत्येकानें स्वतः वाचावी, तर प्रत्येकास वाचतां आलें पाहिजे. म्हणून १६३६ सालीं, वसाहत अवघी सहा वर्षांची असतांना, हार्वर्ड कॉलेजची स्थापना झाली. १६४० सालीं स्तोत्रांचें पुस्तक तेथेंच छापलें गेलें. १६४७ च्या कायद्यानें पन्नास घरांच्या गांवानें लेखनवाचन शिकविणारा शिक्षक नेमावा, व शंभर घरांच्या गांवानें लॅटिन शाळा चालवावी, असें बंधन घातलें. पुढें याच परंपरेंतील मंडळ्यांचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास आले, आणि त्यांनीं मराठी शाळा काढल्या, तेव्हां वाचनाचा हाच आग्रह ते बरोबर घेऊन आले होते.

मात्र वाचणारा मनुष्य विचारहि करूं लागतो, आणि येथेंच धर्मराज्याची अडचण सुरू झाली. १६३१ पासून मताचा अधिकार केवळ चर्चच्या सभासदांस होता. एकाच्या पापाची शिक्षा सर्वांस, ही समजूत पक्की असल्यामुळें, भिन्न मत म्हणजे राज्यावरील संकट असें मानलें जाई. रॉजर विल्यम्स हा तरुण धर्मोपदेशक त्याच साली आला. राजाच्या सनदेनें येथील लोकांची जमीन आपली होत नाहीं, आणि दंडाधिकाऱ्याची सत्ता मनुष्याच्या अंतःकरणावर चालत नाहीं, असें तो उघड सांगूं लागला. १६३५ सालीं त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. त्यास पकडून इंग्लंडास धाडण्याचा बेत ठरला, तेव्हां विंथ्रॉपनेंच गुप्तपणें त्यास सूचना दिली, असें विल्यम्सनें पुढें लिहून ठेवलें आहे. १६३६ च्या जानेवारींत, ऐन बर्फांत, तो रानांतून निघाला. ज्यांची भाषा तो शिकला होता त्या मूळ रहिवाशांनीं त्यास आसरा दिला. नॅरॅगॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून त्यानें प्रॉव्हिडन्स गांव वसविलें. ऱ्होड आयलंड वसाहतीचा आरंभ तो हाच.

त्याच्या पाठोपाठ ॲन हचिन्सन आली. ही सुईण व अनेक मुलांची आई आपल्या घरीं स्त्रियांना जमवून प्रवचनांची चर्चा करी. पुढें पुरुषहि येऊं लागले, आणि ती धर्मगुरूंवर टीका करूं लागली. १६३७ सालीं विंथ्रॉपच्या अध्यक्षतेखालीं तिची चौकशी होऊन तिलाहि हद्दपार करण्यांत आलें. चर्चनें बहिष्कृत केल्यावर ती सभागृहांतून निघाली, तेव्हां मेरी डायर नांवाची एक स्त्री उठून तिच्याबरोबर बाहेर पडली. हीच मेरी पुढें क्वेकर पंथांत गेली. क्वेकरांनीं वसाहतींत पुन्हा पाऊल टाकल्यास देहान्त, असा कायदा १६५८ सालीं झाला होता. ऱ्होड आयलंडांत ती निर्भयपणें राहूं शकली असती. परंतु त्या कायद्यास आव्हान देण्यासाठीं ती परत आली. १ जून १६६० रोजीं तिला बोस्टनमध्यें फांशी देण्यांत आलें. आज मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनासमोर तिचा पुतळा आहे.

ऱ्होड आयलंडास १६६३ सालीं जी सनद मिळाली, तिनें धर्ममतासाठीं कोणासहि शिक्षा होऊं नये असें ठरविलें. मॅसॅच्युसेट्समध्यें चर्चसाठीं कर घेण्याची पद्धत बंद होण्यास १८३३ साल उजाडावें लागलें. स्वतःच्या श्रद्धेसाठीं समुद्र ओलांडणें हें मोठें धैर्याचें कृत्य खरें. परंतु दुसऱ्याच्या श्रद्धेस आपल्या गांवांत जागा देणें हें त्याहून कठीण ठरलें.

विल्यम्सला क्वेकरांचीं मतें मुळींच मान्य नव्हतीं. १६७२ सालीं, सत्तरीच्या घरांत असतांना, तो स्वतः होडी वल्हवीत प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टला गेला, व तेथें तीन दिवस त्यानें त्यांच्याशीं जाहीर वाद घातला. वाद संपला, कोणाचेंहि मत पालटलें नाहीं, आणि दोन्ही पक्ष आपापल्या घरीं परतले.