खर्जाचे घर

तंबोरा लावणारा जाणता माणूस खर्जाची तार फार सांभाळून पिळतो. पंचम जुळला, जोड जुळला, तरी खर्ज नीट बसल्यावाचून तंबोरा बोलू लागत नाही. आणि तोच खर्ज वाजवीपेक्षा जोराने छेडला, तर बाकीच्या तारा त्यात बुडून जातात. घरात बसून यंत्रावर गाणे ऐकण्याचा जो सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, तो मला या एका तारेचाच इतिहास वाटतो. खर्ज घरात आणावयाचा कसा, आणि आणल्यावर त्याला आवरावयाचे कसे, या दोन प्रश्नांभोवती तो फिरत आला आहे.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानच्या ध्वनिमुद्रिका झाल्या, तेव्हा कलावंताने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि कर्ण्याच्या टोकाच्या सुईने ते मेणावर कोरावयाचे, अशी रीत होती. त्या कर्ण्यात खालचे स्वर मावतच नसत. तबल्याची चाट थोडीफार उमटे, पण डग्गा बिचारा बाहेरच राही. ग्रामोफोनला आवाज कमीजास्त करण्याचे बटणही नव्हते. जाड सुई लावली की आवाज मोठा, बारीक लावली की मवाळ. १९०६ साली अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने कर्णा लाकडी कपाटात दडवला आणि त्यापुढे दोन दारे बसवली. दारे सताड उघडली की गाणे मोठे, लोटून घेतली की लहान! ध्वनीचे नियंत्रण ते हेच. घरात मूल निजले असेल तर आईने कपाटाचे दार लोटून घ्यावे, इतका सोपा हा व्यवहार होता.

१९२५ साली हे चित्र पालटले. ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले, आणि त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील राइस आणि केलॉग या दोघांनी कागदी शंकू तारेच्या वेटोळ्याने हलवणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा आराखडा प्रसिद्ध केला. आजही आपल्या घरातील बहुतेक स्पीकर त्याच कुळातले. आता डग्ग्याला घरात प्रवेश मिळाला. आणि विजेचा प्रवाह थोपवून धरणारे, आपल्या ओळखीचे, गोल फिरणारे बटणही आले.

हे बटण दिसते साधे, पण त्यात एक गंमत आहे. आपला कान बेरजेने मोजत नाही, गुणाकाराने मोजतो. आवाज दुप्पट मोठा वाटावयाचा, तर विजेची शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून बटणाच्या आतील पट्टीचा रोधही सम प्रमाणात वाढवून चालत नाही; तसे केले तर पहिल्या चिमूटभर वळणातच घर दणाणून जाते आणि पुढचे सारे वळण फुकट जाते.

कानाची दुसरी खोड याहून महत्त्वाची. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी ती मोजून दाखवली. सेकंदाला १००० कंपनांचा स्वर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच ५० कंपनांचा खर्ज वाटावयाचा, तर आजच्या मापांप्रमाणे तो सुमारे ३८ डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे सहा हजारपट शक्तीने वाजवावा लागतो. मोठ्या आवाजात हा भेद बराच कमी होतो. याचा अर्थ असा, की रात्री आपण बटण खाली आणतो तेव्हा गाणे केवळ लहान होत नाही, त्याचा पायाच नाहीसा होतो. गवई उरतो, तंबोरा जातो.

खर्जाला राहावयास जागाही मोठी लागे. १९५४ साली एडगर विल्चर या गृहस्थाने लहानशा बंद पेटीतील कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग केली, आणि दिवाणखाना न अडवता खर्ज वाजू लागला. पुढे १९६८ साली इन्फिनिटी कंपनीने १८ इंची खर्जवाद्यासाठी वेगळी पेटीच दिली, आणि १९७४ साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटाने खर्जाने खुर्च्या हलवून दाखवल्या. या स्वतंत्र पेटीलाच आपण सबवूफर म्हणतो. अशी एकच पेटी पुरते, कारण ८० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे १४ फूट लांब असते. त्याखालचा आवाज खोलीत कोठून येतो हे कानाला नीटसे उमगत नाही.

पण पेटी आणली म्हणजे खर्ज घरात नांदू लागला, असे मात्र नाही. माझी बसावयाची खोली नेमकी १४ फूट लांब आहे. अशा खोलीत ४० कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकतो. भिंतीपाशी फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. यावर एक जुना तोडगा आहे: सबवूफर आपल्या खुर्चीवर ठेवावयाचा आणि आपण भिंतीकडेने रांगत, खर्ज कोठे सारखा ऐकू येतो ते शोधावयाचे, तेथेच पेटीचे ठाणे. मी हे केले तेव्हा घरच्या मंडळींची दिवाळी आधीच साजरी झाली!

दुसरी गोष्ट तारेची. सबवूफरला जाणारा ध्वनी मुख्य बटणाच्या पुढून घेतला पाहिजे. बटणाच्या आधीच घेतला, तर गाणे लहान केले तरी खर्ज आपला घुमतच राहतो. अँप्लिफायरला तशी वेगळी जागा नसेल, तर स्पीकरच्याच खुंट्यांवरून तार नेता येते, मात्र सबवूफरला तशी सोय हवी. पेटीवरच्या बटणाने प्रमाण एकदाच ठरवावे, आणि मग हुकूम एकाच बटणाचा चालावा. डग्गा आणि तबला दोन असले तरी वाजवणारा एकच असतो, तसे.

आता शेजाऱ्यांविषयी. आपल्या रस्त्यांवर खर्जाच्या भिंतीला लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी हा संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहून गेला आणि १९६५ साली लंडनला त्याने स्वतःची प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी! ज्याने आवाजातला गोंगाट घालवला, त्याचेच नाव आपण गोंगाटाला दिले. २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली. पण ते माप मंद आवाजातल्या कानाच्या त्याच खोडीवर बेतलेले असल्यामुळे ५० कंपनांच्या खर्जातून ३० डेसिबल वजा करून मोजते. आणि भिंती तर खर्जालाच सर्वांत कमी अडवतात. म्हणजे शेजारच्या आजारी म्हातारीला गाणे ऐकू येत नाही, नुसते धाडधाड पोहोचते; कागदावर मात्र सारे ठीक!

तेव्हा येथे मापयंत्रापेक्षा माणसाचा विवेक अधिक कामाचा. व्हिक्टरच्या कपाटाचे दार लोटणाऱ्या त्या आईला डेसिबल ठाऊक नव्हते. निजलेले मूल ठाऊक होते. या दिवाळीत नवे यंत्र घरी आणाल, तर खर्ज अवश्य ऐका, मनसोक्त ऐका. एकदा मात्र दार ओढून बाहेर जिन्यात उभे राहा आणि तेथे काय पोहोचते तेही ऐका. मग आत येऊन प्रमाण ठरवा.