किण्वाच्या पेशीत शोधलेले उपद्रव

मनोविकारांवरील औषधांचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सांगितला जातो, आणि ते रास्तही आहे. ऱ्होन-पूलांक या फ्रेंच कंपनीत पॉल शार्पांतिये यांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझीन सिद्ध केले. त्याचा मूळ सांगाडा, फिनोथायाझीन, ही एकोणिसाव्या शतकातील जर्मन रंगरसायनांची देणगी. १९५२ मध्ये झां दले व पिएर दनिकेर यांनी सेंट-आन रुग्णालयात ते मनोरुग्णांना दिले. (सर्पगंधेवरील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांचा लेख १९३१ चा, त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.) पुढे १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेतून हालोपेरिडोल आले.

भ्रम ओसरले, पण त्याची किंमत शरीराने मोजली. हातपाय ताठरणे, कंप, आणि वर्षानुवर्षांच्या सेवनानंतर ओठ-जिभेच्या न थांबणाऱ्या हालचाली. क्लोझापीनमध्ये हे उपद्रव फार कमी, म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. तोच १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन आठ रुग्ण दगावले. अनेक देशांत ते मागे घेतले गेले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना त्याने गुण येतो, क्लोरप्रोमाझीनने जेमतेम ४ टक्क्यांना, असे १९८८ च्या अमेरिकी चाचणीने दाखविले, तेव्हा रक्ततपासणीच्या अटीवर अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये परवानगी मिळाली. जे औषध माणसाला घरी परत आणते तेच त्याच्या जिवावर उठू शकते, हा पेच घरच्यांना रोजचा असतो.

आता किण्वाकडे वळू. गोव्यातील पोदेर माडाच्या सुरेने पाव फुगवीत, ते सुरेतील किण्वाच्याच बळावर. या एकपेशीय जीवाचा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला: सोळा गुणसूत्रे, सुमारे सहा हजार जनुके. पाठोपाठ एकेक जनुक काढून टाकलेले हजारो वाण तयार झाले व प्रत्येकात ओळखीसाठी डीएनएची एक छोटी खूण बसविली गेली. हे सर्व वाण एकाच भांड्यात वाढवायचे, त्यात औषध घालायचे आणि कोणत्या खुणा घटल्या ते मोजायचे. औषधाने पेशीतील ज्या कामावर घाव घातला, त्या कामात आधीच दुबळा असलेला वाण मागे पडतो.

पण किण्वाला मेंदू नाही, डोपामिनचे ग्राहीही नाहीत. मग तेथे मनोविकाराचे औषध काय करणार? नेमका हाच त्याचा उपयोग, हे हेरण्यात आम्हांस या कल्पनेची खरी चलाखी दिसते. औषधाचे ठरलेले लक्ष्यच नसल्याने जे काही बिघडते ते आडवाटेचेच असणार. टोरांटो येथील संशोधकांनी २००८ मध्ये २१४ मनोविकार-औषधे अशी तपासली. त्यांपैकी ८१ औषधांनी किण्वाची वाढ रोखली. पैकी निम्म्यांचा रोख प्रथिनांची घडी, स्राव, आरएनएवरील प्रक्रिया अशा पेशीच्या मूलभूत व्यवहारांवर होता. नव्या पिढीचे म्हणून गौरविलेले क्लोझापीन येथे जुन्या हालोपेरिडोल व पिमोझाइड यांच्याहून निर्मळ ठरले नाही.

यावरून फार मोठे निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. किण्वाला पांढऱ्या पेशी नाहीत. फिनलंडमधील ते मृत्यू या भांड्यात कधीच दिसले नसते. स्नायूंचा ताठरपणा तर मुख्यतः डोपामिनचे ग्राही अडविल्यानेच येतो, म्हणजे तोही या कसोटीबाहेरचा. शिवाय किण्वाला द्यावी लागणारी मात्रा रुग्णाच्या रक्तातील मात्रेहून सहसा बरीच जास्त असते.

तरी एक उदाहरण विचार करायला लावते. हालोपेरिडोल किण्वातील एर्गोस्टेरॉल बनविणाऱ्या साखळीतील एका विकराला जखडते. एर्गोस्टेरॉल हे किण्वाच्या पेशीपटलात आपल्याकडील कोलेस्टेरॉलचे काम करते. आणि मानवी पेशींतही हे औषध कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या अखेरच्या पायऱ्यांत अडथळा आणते, असे पुढे आढळले आहे. औषध आयुष्यभर घ्यावे लागणाऱ्या रुग्णाच्या पेशींत हा अडथळा काय करतो, हे शोधायला किण्वाबाहेरच जावे लागेल; कोठे पाहायचे, ते मात्र किण्वातही दिसते.